दुर्मीळ लोकर आणि हातविणकाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्मीना, याक, किव्हिअट, विकुन्या अशा लोकरींबद्दल विणणाऱ्या मैत्रिणी (आणि अलीकडे काही मित्रही) जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. दोन सुयांवर सुलट-उलट येतं आणि एखादा स्वेटर, निदान मफलर तरी विणून झाला आहे, एवढं गृहीत धरलं आहे.

दुर्मीळ लोकर म्हणजे नेमकी कुठली? मेंढीची लोकर वाईट असते का?

मुळीच नाही. रोजच्या वापराच्या स्वेटरला मेंढीच्या लोकरीसारखी लोकर नाही. ती ताणली की परत जागेवर येते, घासली तरी टिकते. दुर्मीळ लोकरीचा प्रकार वेगळा. अतिथंड प्रदेशातल्या बऱ्याच प्राण्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, बर्फ-पाणी झटकून टाकणारा. त्याच्या आत अगदी मऊ लव, ऊब धरून ठेवणारी. हिवाळा सरला की ही लव आपोआप सुटू लागते. लडाखच्या शेळ्यांचा पश्मीना, याकची लव, दोन वशिंडांच्या उंटाची लव, आर्क्टिकमधल्या मस्क-ऑक्सची किव्हिअट, सगळी याच जातीची. अँडीज पर्वतातल्या विकुन्याची गोष्ट थोडी निराळी, ती पुढे येईल.

दुर्मीळ का, तर एका जनावरामागे मिळते फार थोडी. लडाखच्या एका शेळीकडून वर्षाला साधारण पाव किलो कच्चा माल निघतो. त्यातले राठ केस, माती, कचरा वेगळा केला की निम्म्याहून कमी उरतो. एका मोठ्या शालीला तीनेक शेळ्यांची वर्षभराची लव लागते, असा हिशेब आहे.

लेबलवर मायक्रॉनचा आकडा असतो. त्याला किती महत्त्व द्यायचं?

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केस किती बारीक, हे त्यावरून कळतं. अंदाज यावा म्हणून: माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन, चांगली मेरिनो (बारीक लोकरीच्या मेंढीची) १७ ते २२, याकची लव १६ ते २०, पश्मीना १२ ते १५, विकुन्या १२-१३. आपल्या घोंगडीची दख्खनी लोकर तिशीच्या पुढे असते, म्हणून ती पाऊस अंगावर घेते आणि मानेला टोचतेही. तिचं काम वेगळं आहे.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. केसाची लांबीही तितकीच महत्त्वाची. लांडे केस वापरून कातलेली लोकर हातात लोण्यासारखी लागते आणि चार वेळा घातली की तिच्यावर गोळे धरतात. स्वस्तातल्या कॅशमियरची (शेळीच्या लवीच्या लोकरीची) रड बहुतेक वेळा हीच असते. दुकानात लडीचा एक धागा दोन बोटांत घेऊन अंगठ्याने हलकेच घासून बघा. लगेच भुसा सुटायला लागला तर ती लडी तिथेच ठेवा.

पश्मीना आणि कॅशमियर एकच का?

व्यवहारात कॅशमियर हा मोठा गट आणि पश्मीना त्यातला वरचा दर्जा. जगातलं बहुतांश कॅशमियर चीन आणि मंगोलियातून येतं. लडाखचा वाटा एक टक्काही नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०१९ मध्ये पश्मीन्यासाठी मानक ठरवलं, त्यात तंतूची जाडी १६ मायक्रॉनपर्यंतच चालते. 'काश्मीर पश्मीना'ला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची अट आणखी कडक आहे: लव हाताने कातलेली आणि कापड हातमागावर विणलेलं हवं.

इथे सुयांवर विणणाऱ्यांची थोडी पंचाईत होते. काश्मीरची परंपरा मागाची आहे. तिथलं हातकताईचं सूत इतकं बारीक असतं, की सुयांवर ते वाऱ्यासारखं वाटतं. आपल्याला मिळणारी पश्मीन्याची लोकर बहुधा यंत्रावर कातलेली असते. त्यात लबाडी काही नाही, फक्त ती घेऊन विणलेल्या मफलरीवर 'काश्मीर पश्मीना, मानांकित' असं लिहू नये. आणखी एक गोष्ट विचारून घ्या. काही गिरण्यांमध्ये ही नाजूक लव यंत्रावर तुटू नये म्हणून तिच्यात नायलॉन मिसळतात आणि नंतर आम्लात ते विरघळवून टाकतात. त्यात तंतूची ताकद जाते. विकणाऱ्याला याचं उत्तर देता आलं, तर तो माणूस आपल्या मालाबद्दल काही जाणतो असं समजायला हरकत नाही.

लव काढताना शेळीला इजा होते का?

लडाखच्या चांगथांग पठारावर चांगपा पशुपालक या शेळ्या राखतात. उंची चौदा हजार फुटांच्या वर, हिवाळ्यात पारा उणे ३०-४०. उन्हाळा लागला की शेळीला आडवी पाडतात, पाय बांधतात आणि लांब वाकड्या दातांच्या लोखंडी फणीने मानेपासून मागे विंचरत नेतात. फणीच्या दातांत राखाडी-पांढऱ्या लवीचे पुंजके अडकत जातात, मधेच राठ केस, काड्या, वाळलेली लेंडी. लव सुटायची वेळ बरोबर साधली असेल तर ती सहज निघते. लवकर ओढली, किंवा घाईत फणी जोरात दाबली, तर कातडीवर ओरखडे उठतात आणि शेळी ओरडते. म्हणजे पद्धत मुळात क्रूर नाही, पण ती कोणाच्या हातात आहे आणि त्याला किती घाई आहे, यावर सगळं आलं. दोन-अडीचशे शेळ्यांना नावानिशी ओळखणाऱ्या कुटुंबात आणि टनावारी माल उचलणाऱ्या बाजारात हा फरक पडतोच.

शेळीपुरतं बघून भागत नाही. मंगोलियात १९९० नंतर कळपांवरचं सरकारी नियंत्रण गेलं, कॅशमियरला भाव आला आणि शेळ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. शेळी गवत अगदी बुडापासून खाते. आज तिथली मोठी कुरणं उजाड होत आहेत. कॅशमियरचा स्वेटर मॉलमध्ये मफलरीच्या भावात मिळतो, त्याची खरी किंमत तिथे वसूल होते.

माझ्या सासूबाईंकडे जुनी शहातूश शाल आहे. तसली लोकर विणायला मिळेल का?

नाही, आणि कोणी देऊ केली तरी घ्यायची नाही. शहातूश येते तिबेटी पठारावरच्या चिरू या हरणासारख्या रानटी प्राण्यापासून. चिरू पाळता येत नाही, विंचरता येत नाही. लव हवी तर त्याला मारावंच लागतं. एका शालीला तीन ते पाच चिरू. 'प्राणी झुडपांना अंग घासतात, तिथून लव गोळा करतात' ही गोष्ट व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं सांगितली. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाच्या तिबेटमधल्या कामानंतर ती थाप आहे हे जगापुढे आलं. त्या पठारावर झुडपंच नावाला आहेत. १९७९ पासून शहातूशच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आहे आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चिरू पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं तुरुंगवास.

सासूबाईंच्या शालीबद्दल: ती विकू नका, भेट देऊ नका, परदेशी नेऊ नका. तिची नोंद झालेली आहे का, हे घरात विचारा आणि नसेल तर वन्यजीव कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्या.

किव्हिअट काय प्रकार आहे? त्याचं एवढं कौतुक का?

मस्क-ऑक्स हा आर्क्टिकमधला, जमिनीपर्यंत केस लोंबणारा प्राणी. दिसतो बैलासारखा, नातं शेळ्या-मेंढ्यांशी. त्याची आतली लव म्हणजे किव्हिअट. मेंढीच्या लोकरीपेक्षा कितीतरी उबदार, जवळजवळ वजनरहित. आणि विणणाऱ्यांना सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे ती आटत नाही, धुताना गुंतून नमद्यासारखी (लोकर दाबून केलेल्या जाड कापडासारखी) होत नाही.

मला मात्र या लोकरीपेक्षा तिच्यामागची माणसं जास्त आवडतात. अलास्कातले मस्क-ऑक्स एकोणिसाव्या शतकात शिकारीने संपले होते. १९३० मध्ये ग्रीनलंडहून ३४ जनावरं आणली गेली आणि काही वर्षांनी ती नुनिवाक बेटावर सोडली. तिथून कळप पुन्हा वाढले. जॉन टील नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात हे जनावर माणसाळवायचा प्रकल्प घेतला. कल्पना अशी, की दूरच्या गावांतल्या मूलनिवासी बायकांना घरबसल्या रोख पैसा मिळावा. १९६९ मध्ये 'उमिंगमक' ही विणकरांची सहकारी संस्था उभी राहिली, ती आजही अँकरेजमध्ये चालू आहे. प्रत्येक गावाचा स्वतःचा जाळीचा नमुना असतो. नुनिवाक बेटावरच्या मेकोर्युक गावाचा नमुना हस्तिदंती भाल्याच्या जुन्या टोकावरून घेतला आहे. ज्या गावाचा नमुना, त्याच गावच्या बायकांनी तो विणायचा. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाने आठवतात. हाही सहकारच, फक्त उसाच्या जागी लव.

अलास्कातल्या पामर इथल्या फार्मवर वसंतात जनावरं एकेक करून खोड्यात घेतात आणि विंचरतात. लव चादरीसारखी सुटून येते. एका मोठ्या जनावराची वर्षाला दोन-अडीच किलोपर्यंत. त्याशिवाय कॅनडा आणि ग्रीनलंडमध्ये इनुइट लोक मांसासाठी शिकार करतात, त्या कातड्यांवरूनही किव्हिअट निघते. तिला मी अनैतिक म्हणणार नाही. ज्यांचं जेवणच ते आहे, त्यांनी कातडं फेकून का द्यावं? पण तुम्हाला मारलेल्या प्राण्याची लव नको असेल, तर विकत घेताना 'विंचरलेली का?' हे स्पष्ट विचारा.

किंमत: २८ ग्रॅमची, साधारण २०० मीटरची लडी शंभर डॉलरच्या आगेमागे. त्यावर टपाल आणि कस्टम्स वेगळं. शिकागो-टोरांटोला मुलगी-जावई असतील तर त्यांच्याबरोबर मागवणं परवडतं.

आणि विकुन्या? ती तर सोन्याच्या भावाने जाते म्हणतात.

जाते खरी. विकुन्या हा अँडीजमधला रानटी प्राणी, उंटाच्या कुळातला. इंकांच्या काळी त्याची वस्त्रं राजघराण्यापुरतीच होती. पुढे बंदुका आल्या आणि १९६०च्या दशकापर्यंत सगळ्या अँडीजमध्ये मिळून दहा हजारांच्या आसपास प्राणी उरले. १९६७ मध्ये पेरूत पांपा गालेरास अभयारण्य झालं, नंतर देशोदेशींचे करार झाले, व्यापार बंद झाला. संख्या सावरली, तशी जिवंत प्राण्याची कातरलेली लोकर विकायला मर्यादित परवानगी मिळाली. आता विकुन्ये काही लाखांत आहेत.

लोकर काढायची रीत इंकांचीच, तिला चाक्कू म्हणतात. गावचे शेकडो लोक हातात दोर आणि रंगीत पताका घेऊन माळावर लांबच लांब साखळी करतात, विकुन्यांना हळूहळू कुंपणात आणतात, कातरतात आणि सोडून देतात. एकाच प्राण्याला दोन वर्षांतून एकदाच, तीही पाव किलोच्या आतबाहेर.

इतकं सुंदर असूनही माझी हरकत आहे. २०२४ मध्ये एका बड्या युरोपीय ब्रँडबद्दल बातमी आली, की लाखो रुपयांच्या स्वेटरमधले गावाच्या हाती पडतात ते अगदी किरकोळ. प्राणी सुखरूप राहिला, माणूस मात्र फुकटात राबला, तर त्या लोकरीला नैतिक कसं म्हणायचं? शिवाय भारतात आणायची तर वन्यजीव व्यापाराची कागदपत्रं लागतात. ती नसतील तर ऑनलाइन दिसलेली लडी मोहात पडून मागवू नका, कस्टम्समध्ये अडकेल. विकुन्याशिवाय विणकाम अडत नाही.

मग भारतात राहून सुरुवात कशाने करू?

याकने. माझं हे उत्तर ठाम आहे. लडाख, सिक्कीम, अरुणाचल इथे याक आहेत. अरुणाचलात दिरांगला राष्ट्रीय याक संशोधन केंद्रही आहे. लव मऊ, पश्मीन्यापेक्षा दणकट, आणि किंमत खिशाला झेपणारी. रंग बहुधा गडद तपकिरी, कॉफीसारखा. तो रंगवायच्या भानगडीत पडू नका. गडद लवीवर रंग चढवायचा तर आधी तिचा मूळ रंग उडवावा लागतो आणि त्यात तिचा मऊपणा जातो. आहे तोच रंग सुंदर आहे.

लेहला जाणारे मराठी पर्यटक काही कमी नाहीत. पुढच्या वेळी मुख्य बाजारातल्या ढीगभर 'पश्मीना' शालींऐवजी लडाखी बायकांच्या सहकारी संस्थांची दुकानं शोधा. 'लूम्स ऑफ लडाख' ही त्यातली एक. विणलेल्या वस्तू तर मिळतातच, आणि सूत कोणी कातलं हे विचारलं तर उत्तर मिळतं. नुब्रा खोऱ्यात दोन वशिंडांचे उंट आहेत, त्यांचीही लव कातली जाते, पण ती मिळेलच याची खात्री नाही. मिळाली तर घ्या.

अंगोरा आणि मोहेरचं काय?

अंगोरा सशाचं, मोहेर अंगोरा जातीच्या शेळीचं. नावं सारखी म्हणून गोंधळ होतो.

अंगोराबद्दल सावध राहा. २०१३ मध्ये चीनमधल्या फार्मवर जिवंत सशांचे केस उपटतानाचे व्हिडिओ बाहेर आले आणि बऱ्याच कंपन्यांनी अंगोरा वापरणंच थांबवलं. ससा कातरून किंवा विंचरूनही लोकर काढता येते, आपल्याकडे कुलूच्या बाजूला तसे ससे पाळतात. पण बाजारातली अंगोरा लडी कशी काढलेली आहे, हे सांगणारा भेटेपर्यंत मी ती घेत नाही. शिवाय तिचे केस नाकातोंडात जातात, लहान मुलांच्या टोपीला तर नकोच.

मोहेर बहुतांश दक्षिण आफ्रिकेचं. तिथल्या फार्मवरच्या वागणुकीवर २०१८ मध्ये आरोप झाले, मग २०२० मध्ये जबाबदार मोहेरचं प्रमाणपत्र सुरू झालं. ते लेबल बघून घ्या. जाता जाता: राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आपल्या संगमनेरी शेळीचा अंगोरा बोकडाशी संकर करून मोहेर मिळवण्याचे प्रयोग झाले होते. नगर जिल्ह्यातलं मोहेर! त्याचा बाजार उभा राहिला नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

न्यूझीलंडहून भावाने पॉसमची लोकर आणली. प्राणी मारूनच मिळते म्हणे. वापरू का?

मारूनच मिळते. पॉसम तिथला मूळचा नाही. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून फरच्या धंद्यासाठी आणून सोडला आणि आता तो तिथली झाडं, पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करतो. सरकार त्याला मारतंच. त्याची लोकर मेरिनोत मिसळून येते आणि फार उबदार असते. पर्यावरणाच्या बाजूने बघितलं तर ती वापरण्यात चूक नाही, अहिंसेच्या बाजूने बघितलं तर आहे. हे ज्याचं त्याने ठरवायचं. मिळालेली लोकर कपाटात कुजत ठेवण्यात मात्र कुठलीच अहिंसा नाही.

आम्ही जैन आहोत. विंचरलेली लोकर आम्हाला चालेल का?

धर्माचा निर्णय मी देणार नाही. माहिती एवढी देते: विंचरलेल्या लवीत प्राणी मारला जात नाही, पण म्हातारी जनावरं आणि नर पुढे मांसाला जाऊ शकतात. चांगपांच्या जगण्यात मांस आहेच. ज्यांना तेही नको, त्यांनी सुती किंवा तागाच्या सुतात विणावं. सोवळ्यात धाबळी चालते मग हे का नाही, असंही एका वाचक आजींनी विचारलं होतं. चालायला हरकत नसावी, पण किव्हिअट नेसून नैवेद्याचा स्वयंपाक करणार असाल तर फोडणीपासून सांभाळा.

दुकानदार शाल अंगठीतून ओढून दाखवतो. तेवढ्यावर खरी समजायची?

नाही. पातळ रेशीम आणि व्हिस्कोसही अंगठीतून जातं. धागा जाळून बघणं थोडं उपयोगी आहे. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटाने चुरली, तर ते प्राणिज आहे. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक किंवा नायलॉन. पण मेंढीची लोकर आणि पश्मीना यांतला फरक जाळून कळत नाही, तो सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये पश्मीना तपासून मिळतो. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतही सोय आहे, मुख्यतः निर्यातदारांसाठी, कारण शालीत शहातूशचे केस सापडले तर अख्खा माल अडकतो.

आपल्यासाठी सोपा उपाय म्हणजे प्रश्न विचारणं. कुठल्या भागातली? विंचरलेली, कातरलेली की कातड्यावरून? कोणी कातली? किती टक्के? 'शुद्ध आहे हो ताई, डोळे मिटून घ्या' हे यांपैकी कशाचंच उत्तर नाही. आणि भाव फारच कमी वाटला तर तो तसा असायला कारण असतंच. गल्लीतल्या दुकानात लोकर म्हणून मिळणारे गुंडे तर बहुतेक अ‍ॅक्रिलिकचेच असतात.

पहिल्यांदा काय विणू? स्वेटर?

स्वेटर नको. खर्च मोठा, आणि कोपरांना-काखेत ही लोकर लवकर झिजते. गळ्यालगत बसणारी वस्तू करा, कारण मऊपणा तिथेच कळतो. गोल सुईवर विणलेली गळपट्टी २५-३० ग्रॅममध्ये होते. जाळीची नक्षी घेतली तर तेवढ्याच लोकरीत दुप्पट लांबी निघते. दोन टाके एकत्र, मग सुईवर दोरा घेऊन एक जाळी, अशा साध्या लाटांच्या नमुन्यात ही लोकर छान उठून दिसते. केबलसारखे भरगच्च नमुने टाळा, ते लोकर खातात आणि या मऊ धाग्यात बोथट दिसतात.

सुया कुठल्या? टाके घट्ट घ्यायचे की सैल?

बांबूच्या किंवा लाकडी सुया. धातूच्या सुईवरून हा धागा सटकतो. बारीक दोनपदरी धाग्याला जाळीसाठी ३.५ ते ४ मिलिमीटर.

टाके थोडे सैल. विणताना काम विरळ, अगदी बिचारं दिसेल. घाबरू नका. नमुन्याचा हातभर नाही तरी वीतभर चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मग बघा. धुतल्यावर तंतू फुलतात, टाक्यांमधल्या फटी भरून येतात, वर धुक्यासारखी बारीक लव उभी राहते. न धुतलेल्या नमुन्यावर माप धरणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही घालवणं. महाग लोकर नमुन्यात वाया जाईल असं वाटत असेल, तर टाके बंद न करता धुऊन, वाळवून मोजून घ्या आणि नंतर तो चौकोन उसवून शेवटच्या ओळींना वापरा.

मनगटाची, कमरेची पट्टी सैल पडते. काय करू?

पश्मीना, किव्हिअट, याक, कोणाच्याच अंगात मेंढीच्या लोकरीसारखा लवचीकपणा नाही. एक सुलट एक उलटची पट्टी दोन नंबर बारीक सुईवर विणा. त्याने भागलं नाही तर पट्टीपुरता मेरिनोचा बारीक धागा जोडीला घ्या. किंवा मुळात मेरिनो मिसळलेली लोकरच घ्या. मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे. लेबलवर टक्केवारी लिहिलेली असली की झालं.

उसवायचं झालं तर?

एकदा उसवता येतं, फार तर दोनदा. पुढे धागा केसाळ होऊन टाके एकमेकांत अडकतात. म्हणून दर आठ-दहा ओळींनी शिवणाचा रंगीत सुती दोरा मोठ्या सुईत ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढून ठेवा. चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं, टाके तिथे थांबलेले असतात. अडकलेलं ओढू नका. धागा तुटत नाही, पण मधेच बारीक होतो, आणि ती जागा कायम दिसते.

धुवायचं कसं?

रिठ्याने. काश्मिरातही पश्मीना परंपरेने रिठ्यानेच धुतात. आपल्याकडे तो किराणा दुकानात मिळतो. चार-पाच रिठ्यांची टरफलं कोमट पाण्यात भिजवून, चोळून, गाळून घ्या. त्या पाण्यात वस्तू दहा मिनिटं नुसती बुडवून ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नळाची धार थेट सोडायची नाही. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते, ती प्राणिज तंतू खराब करते. गरम पाणी आणि रगडणं एकत्र आलं की पश्मीना आटून नमदा होतो, अंगोरा तर त्याहून लवकर. धुतल्यावर टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आडवी पसरून सावलीत वाळवा. दांडीवर टाकली तर स्वतःच्याच वजनाने लांबेल.

पावसाळा आणि कसर?

कसर लोकर खाते, आणि घामाचे, तेलाचे डाग पडलेली लोकर आधी खाते. म्हणून ठेवताना धुऊनच ठेवा. कडुलिंबाचा वाळलेला पाला थोडाफार उपयोगी पडतो, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. डांबरगोळ्यांचा वास लोकरीतून महिनोन्‌महिने जात नाही, आणि तो श्वासात घेणंही चांगलं नाही. शंका आली तर वस्तू पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, अळ्या मरतात.

कोकणात, मुंबईत खरा शत्रू दमट हवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवली तर बुरशी येते. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घेऊन त्यात गुंडाळा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि गणपतीच्या आवराआवरीत एकदा उन्हाच्या कडेला, सावलीत हवा द्या.

मुंबईच्या हवेत हे घालणार कधी?

स्वेटर कधीच नाही. पण जाळीची गळपट्टी किंवा अर्धी शाल एसी ऑफिसात, विमानात, नाशिक-पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी खूप कामाला येते. पातळ असते, पर्समध्ये मावते. बाकी खरं सांगायचं तर, इथे विणणाऱ्या बहुतेक जणी परदेशातल्या नातवंडांसाठीच विणतात. तान्ह्या बाळासाठी विणणार असाल तर लव सुटणारी लोकर घेऊ नका, आणि सुनेला किंवा मुलाला धुण्याची रीत लिहून पाठवा. नाहीतर ती टोपी पहिल्याच आठवड्यात वॉशिंग मशीनमध्ये जाते.

विणलेल्या वस्तू विकायच्या आहेत. लेबलवर काय लिहू?

जे माहीत आहे तेच. प्राणी कुठला, किती टक्के, लोकर कुठून घेतली, हाताने विणलं, कसं धुवायचं. '१०० टक्के पश्मीना' लिहायचं असेल तर विकणाऱ्याची पावती किंवा तपासणीचा कागद जवळ ठेवा. बिलात धाग्याची किंमत आणि विणण्याची मजुरी वेगळी दाखवा. गिऱ्हाईक घासाघीस करतं ती नेहमी मजुरीवर, आणि आकडा समोर असला की ते थोडं थबकतं. वस्तूबरोबर त्याच धाग्याचा दोन-तीन मीटर तुकडा कार्डाला गुंडाळून द्या, पुढे कधी भोक पडलं तर रफू करायला तोच लागतो.